बांबूचं घर बांधताय? आधी आयोडीनची बाटली आणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवरुखजवळ स्वतःच्या जागेत पाहुण्यांसाठी वीस बाय तीस फुटांची खोली बांधायची आहे. बांधावर कळक आणि माणगा या बांबूंची जुनी बेटं आहेत. इंजिनिअरिंग शिकणारा पुतण्या म्हणतो, बांबू पोलादापेक्षा मजबूत असतो हे शास्त्राने सिद्ध झालंय, तेव्हा छप्पर तर बांबूचं करूच, पण स्नानघरावरच्या स्लॅबमध्येही सळईऐवजी बांबूच घालू. गावातला सुतार म्हणतो, दोन पावसाळे टिकलं तरी देव पावला. दोघांत खरं कोणाचं?

दोघांचंही खरं आहे, फक्त दोघे वेगवेगळ्या बांबूबद्दल बोलताहेत. पुतण्या बोलतोय प्रयोगशाळेत ओढून तोडलेल्या कोरड्या पट्टीबद्दल, आणि सुतार बोलतोय मे महिन्यात तोडून जूनमध्ये छपरावर चढवलेल्या काठीबद्दल. मी पंचवीसेक वर्षं बांबूची बांधकामं करतोय. मराठीत 'बांबू लागणे' याचा जो अर्थ आहे, तो मी सुरुवातीच्या दोन-तीन कामांत पुरेपूर अनुभवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पोलादाचं. बांबूची ताकद मोजण्याचं काम आपल्याकडे नवं नाही. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत व्ही. डी. लिमये यांनी मानवेल जातीच्या बांबूच्या काठ्या वाकवून, दाबून पाहिल्या आणि ते निष्कर्ष १९५२ साली छापून आले. ओला आणि सुका, पेर (काठीवरची गाठ) असलेला आणि नसलेला, बुडखा आणि शेंडा असा फरक करून पाहायची शिस्त तिथपासूनची आहे. आज साधारण आकडे असे: चांगल्या, सुकलेल्या बांबूची पट्टी लांबीच्या दिशेने ओढली तर चौरस मिलिमीटरला १०० ते २०० न्यूटन ताण सहज सोसते. साधी लोखंडी सळई २५० ला हार मानते, आताची टीएमटी ५०० ला. म्हणजे आकडा सळईच्याच बाजूने. पण बांबूचं वजन घनमीटरला सहाशे-सातशे किलो आणि लोखंडाचं ७८५०. किलोला किलो तोललं तर बांबू खरोखरच पुढे जातो. व्हॉट्सॲपवरच्या संदेशात हे 'किलोला किलो' तेवढं गळून पडतं.

आणि एक गोष्ट कायमच गळते, ती म्हणजे ताठपणा. लोखंडाचा लवचिकता गुणांक, म्हणजे ताठपणाचा आकडा, त्याच मापात २,००,००० आहे, बांबूचा दहा ते पंधरा हजार. तेवढ्याच जाडीच्या दोघांवर तेवढंच वजन टांगलं तर बांबू लोखंडाच्या १३ ते २० पट ताणला जाईल. तुटणार नाही, पण लोंबेल. बांबूच्या कामात हिशेब बहुतेक वेळा तुटण्याचा नसतोच, झोळ येण्याचा असतो.

आता एक काम करा. पक्क्या काठीचा तुकडा आडवा कापा, कापलेली बाजू बारीक पॉलिश पेपरने घासा आणि भिंगाखाली धरा. पिवळसर गाभ्यात काळपट ठिपके दिसतील. आतल्या पोकळीकडे ते मोठे आणि विरळ, हिरव्या सालीकडे जाताना बारीक होत होत एकमेकांना चिकटतात. हे ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे. बांबूच्या शरीररचनेवर आयुष्यभर काम केलेल्या हँबर्गच्या वॉल्टर लीझे यांच्या मोजणीनुसार काठीत साधारण निम्मा भाग मऊ पेशींचा, चाळीस टक्के तंतूंचा आणि दहा टक्के पाण्याच्या नळ्यांचा. वाऱ्यात काठी वाकते तेव्हा सर्वात जास्त ताण बाहेरच्या कडेला येतो आणि माल तिथेच ठासून भरलेला आहे. आपण आय-सेक्शनचा (इंग्रजी 'I' च्या आकाराचा) गर्डर ओततो तोही याच तत्त्वावर. म्हणूनच सालीवर रंधा मारून काठी 'गुळगुळीत' करणारा कारागीर दिसला की माझ्या पोटात कळ येते. तो सर्वात महागडा भाग भुशात घालवत असतो.

पण त्या ठिपक्यांत अजून एक गोष्ट आहे. ते सगळे उभे धावतात. लाकडात गाभ्याकडून सालीकडे जाणारे आडवे पेशींचे पट्टे असतात, बांबूत ते अजिबात नाहीत. बांबू गवताच्या कुळातला. कोंब जमिनीतून येतो तोच पूर्ण जाडीचा, दोन-चार महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि नंतर फक्त आतून कडक होत जातो. आडवं बांधून ठेवणारं काहीच नसल्यामुळे कोयत्याचा एक घाव घालून बुरूड काठी सरळ चिरत नेतो. ज्या गुणामुळे सूप-टोपल्या होतात, तोच गुण घर बांधताना वैरी होतो. बांबूत खिळा ठोकला की चीर गेलीच. आधी ड्रिलने भोक पाडायचं, बोल्ट घालायचा, बोल्टजवळच पेर येईल अशी काठी निवडायची आणि जिथे जास्त भार येतो तिथलं कांडं (दोन पेरांमधला पोकळ भाग) सिमेंटच्या मसाल्याने भरून घ्यायचं. पेरात आतून पडदा असतो, तिथे तंतू थोडे आडवेतिडवेही जातात, म्हणून पेर फाटायला वेळ लागतो. जुने लोक काथ्याने बांधत, कारण बांधल्याने भोक पडत नाही. काथ्या वर्षा-दोन वर्षांनी बदलायची तयारी असेल तर ती पद्धत आजही उत्तम.

स्लॅबचा विचार मात्र सोडून द्या. पुतण्याला वाटतं तितकी ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत १९१४ साली यावर प्रबंध झाला, १९५० साली क्लेमसनला मोठे प्रयोग झाले, त्यानंतर ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षं काम झालं. २०१८ साली बांबूच्याच बाजूच्या पाच संशोधकांनी हे सगळं काम पुन्हा तपासलं आणि सळईला पर्याय म्हणून बांबू व्यवहार्य नाही असं स्पष्ट लिहिलं. कारणं समजायला सोपी आहेत. ओल्या काँक्रीटमध्ये बांबू पाणी पितो आणि फुगतो. काँक्रीट घट्ट होतं, मग बांबू सुकून आकसतो आणि भोवती फट राहते. पकड गेली की सळई असून नसल्यासारखी. काँक्रीट अल्कधर्मी असतं, ते तंतू हळूहळू खातं. त्यात तो कमी ताठ, म्हणून भेगा रुंद. लोखंड मोडण्याआधी वाकून सूचना देतं, बांबू काडकन जातो. आणि आत काय कुजतंय ते बाहेरून दिसत नाही. बांबू उघडा, हवेत, नजरेसमोर ठेवायची वस्तू आहे. तिला गाडू नका. स्नानघरावर रीतसर सळईचा स्लॅब घाला, त्यात कमीपणा नाही.

आता सुताराच्या म्हणण्याकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे.

माझं पहिलं मोठं काम समुद्राकाठच्या एका खानावळीचं होतं. मालकाला पावसाआधी छप्पर हवं होतं. मे महिन्यात व्यापाऱ्याकडून मिळेल तो माल उचलला, वरून दोन हात व्हार्निश मारलं, फोटो काय सुंदर आले! श्रावणात मालकाचा फोन आला: टेबलांवर रोज सकाळी कोणीतरी पीठ सांडून ठेवतं. मी गेलो. प्रत्येक वाशाखाली भाजणीच्या पिठासारखी बारीक पिवळी रेघ पडलेली. रात्री दिवे मालवून शांत बसलो तर कुरकुर ऐकू येत होती. दोन वर्षांत साठातले चाळीस वासे बदलावे लागले, माझ्या खर्चाने.

तो भुंगा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो, शास्त्रीय नाव डायनोडेरस. त्याला बांबूच्या तंतूंत रस नसतो. त्याला हवा असतो त्या निम्म्या मऊ पेशींत साठवलेला स्टार्च, म्हणजे पिठूळ अंश. सालीवर मेण आणि सिलिका असल्यामुळे तिकडून तो शिरत नाही. कापलेलं टोक, फांदी छाटलेली जागा, चीर इथून घुसतो. माझं व्हार्निश बरोबर चुकीच्या ठिकाणी लागलं होतं.

म्हणजे प्रश्न मजबुतीचा नाही, काठीच्या पोटात किती पीठ आहे याचा आहे. पावसाळ्यात बेट नवे कोंब वाढवतं आणि त्यासाठी साठा खर्च करतं. पाऊस संपला की पानं पुन्हा साठा भरायला लागतात, आणि पुढच्या कोंबांची तयारी म्हणून उन्हाळ्यात तो काठोकाठ असतो. म्हणून तोडणी दिवाळीच्या आसपास सुरू करून मार्गशीर्ष-पौषापर्यंत संपवावी. मेमधला बांबू म्हणजे भुंग्याला आमंत्रणपत्रिका. अर्थात जातीप्रमाणे, पावसाप्रमाणे हे पुढेमागे होतं, म्हणून मी कॅलेंडरवर विसंबत नाही. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीनची बाटली आणा. काठी तोडल्या तोडल्या बुडख्याकडचा पातळ काप काढा आणि एक थेंब टाका. स्टार्च भरपूर असेल तर काप मिनिटभरात निळाकाळा पडतो, शाळेत बटाट्यावर पाहिला होता तसा. थेंबाचा तांबूस रंग जवळपास तसाच राहिला तर काठी घ्या. एका बेटातल्या तीन वेगवेगळ्या वयांच्या काठ्यांवर करून पाहा. तोडायचं कधी याचं उत्तर त्या तीन थेंबांत मिळतं, माझ्या लेखात नाही.

वयाचंही तसंच. पहिल्या वर्षाची काठी गर्द हिरवी, अंगावर पांढरी भुकटी, बुडाशी कोंबाची टरफलं चिकटलेली. ती दिसायला सर्वात देखणी आणि कामाला सर्वात निकामी. सुकली की सुरकुतते. तीन वर्षं पुरी झालेली काठी मळकट दिसते, अंगावर दगडफुलासारखे पांढरे-करडे डाग येतात, कोयत्याच्या पाठीने ठोकली की खणखणते. तीन ते पाच वर्षांची काठी घ्यायची. दरवर्षी दसऱ्याला नव्या काठ्यांवर ऑइलपेंटने साल लिहून ठेवलं तर पुढे कोणाला विचारावं लागत नाही. तोडताना जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर घाव घाला. कांड्याच्या मधोमध तोडलं तर बुडख्याचा पेला होतो, त्यात पाणी साचतं आणि बेट आतून कुजतं.

अमावास्येला तोडावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सुतार सांगेलच. कोकणात सगळेच सांगतात. मी काही वर्षं दोन्ही पक्षांत तोडून आयोडीन लावून पाहिलं. माझ्या हाती ऋतूचा आणि वयाचा फरक ठसठशीत आला, चंद्राचा नाही. तरी मी अमावास्येलाच तोडतो. गडी खूश राहतात आणि नुकसान काही नाही.

स्टार्च कमी असला तरी प्रक्रिया चुकत नाही. जुनी रीत म्हणजे काठ्या ओहोळात किंवा खाडीच्या पाण्यात काही आठवडे दाबून ठेवायच्या. त्यात शास्त्र आहे, कारण पाण्यात साखर आणि स्टार्च बऱ्यापैकी उतरतो. भुंग्याला हे पुरतं, वाळवीला आणि बुरशीला पुरत नाही. त्यासाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण. इथे पुन्हा ती आडव्या पेशी नसण्याची अडचण येते: बाहेरून साल पाणी आत घेत नाही, आतल्या पोकळीचं अस्तरही घेत नाही. औषध फक्त उभ्या नळ्यांतून जातं. म्हणून ब्रशने औषध लावणं हे देवळाबाहेरून नमस्कार करण्यासारखं आहे. एकतर लांब सळईने सगळ्या पेरांचे पडदे फोडून काठ्या आठ-पंधरा दिवस टाकीत बुडवून ठेवा, किंवा बूशरी पद्धत वापरा. तिच्यात ताज्या काठीच्या बुडख्याला रबरी नळी आवळून बांधतात आणि टाकीतलं द्रावण हवेच्या दाबाने आत ढकलतात. थोड्या वेळाने शेंड्याकडून थेंब पडायला लागतात. आधीचे थेंब म्हणजे बांबूचा स्वतःचा रस; मग हळूहळू औषध यायला लागतं. शेंड्याचं द्रावण टाकीतल्याइतकंच दाट झालं की काठी तयार. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा सलाइन लावलेल्या पेशंटची आठवण झाली होती. अट एकच, काठी तोडून दिवस उलटायच्या आत नळी लागली पाहिजे. नंतर नळ्या बंद होतात आणि कितीही दाब द्या, काही शिरत नाही. म्हणजे तुमचं बेट बांधावर आहे हा तुमचा सर्वात मोठा फायदा आहे. शहरातल्या माणसाला हे जमत नाही.

मग सावलीत, उभ्या करून, महिना-दीड महिना सुकवा. लाकूड ठरावीक ओलाव्याखाली गेल्यावर आकसतं, बांबू मात्र पहिल्या दिवसापासून आकसतो. उन्हात टाकला की तडकलाच.

कुठला बांबू कुठे? राष्ट्रीय बांधकाम संहितेत (२०१६) बांबूंचे ताकदीनुसार तीन गट केलेत. गंमत अशी की सडपातळ मानवेल पहिल्या गटात आहे आणि तुमचा दांडगा काटेरी कळक तिसऱ्यात. याचा अर्थ कळक टाकाऊ असा नाही. चौरस मिलिमीटरला मालाची ताकद वेगळी आणि जाडीमुळे मिळणारी ताकद वेगळी. कळकाचा घेर मोठा असल्याने खांबाला तो चालतो. पण गणित करताना पुतण्याला सांगा, ओल्या मानवेलीची वाकवून मोडण्याची ताकद चौरस मिलिमीटरला ७३ न्यूटनच्या आसपास आहे, त्याला संहितेप्रमाणे चारने भागायचं, म्हणजे हातात १८ उरतात. पोलादाशी तुलना करणारे हा भागाकार करत नाहीत. एकच काठी कुठे जाड, कुठे पातळ, कुठे वाकडी असते, म्हणून चारने भागावं लागतं. माणगा मात्र कोकणाचं देणं आहे. काटे नाहीत, जवळजवळ भरीव, सरळ, बेट मोकळं असल्याने तोडायला सोपा. वासे, रिपा, कठडे, खाटा, खुर्च्या सगळं माणग्यात करा. त्याला बी धरत नाही, त्यामुळे लागवड मुळासकट काढलेल्या काठ्यांनी किंवा कलमांनीच. कळकाचं उलट: अनेक दशकांनी एकदाच फुलतो, बी टाकतो आणि अख्खं बेट वाळतं. तुमची बेटं आजोबांच्या काळची असतील तर कळकाच्या भरवशावर पुढचे बेत आखू नका.

तोडणीच्या परवानगीचा घोर करू नका. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. त्याआधी गवताला झाड ठरवून किती जणांनी किती हेलपाटे घातले, त्यावर वेगळा लेख होईल.

आता टिकाऊपणाचे आकडे. प्रक्रिया न केलेला बांबू मातीत रोवला तर एक ते तीन वर्षं, छपराखाली कोरडा राहिला तर चार ते सात. सुताराचे 'दोन पावसाळे' इथून आले. प्रक्रिया केलेला आणि कोरडा ठेवलेला पंधरा-वीस वर्षं आरामात जातो. 'कोरडा' हा शब्द महत्त्वाचा, कारण बोरॅक्स पावसात धुऊन जातं. देवरुखचा पाऊस मला माहीत आहे. तो वरून येत नाही, आडवा येतो. जोतं दोन फूट जांभ्याचं, खांबाचा पाय त्यावर दगडी किंवा काँक्रीटच्या बैठकीत, लोखंडी पट्टीने धरलेला. बांबू मातीला कुठेच टेकता कामा नये. पागोळ्या निदान तीन फूट बाहेर काढा. पश्चिमेची बाजू झापांनी किंवा पत्र्याने झाका. हे सगळं आपल्या आजोबांच्या घरात होतंच, फक्त ते सागाच्या खांबांसाठी होतं.

बांबू उघड्यावर टिकवायचा तर काय करावं लागतं, त्याचं उदाहरण विदर्भात आहे. वणी-वरोरा महामार्गाच्या कडेला २०२३ साली दोनशे मीटर लांबीचा बांबूचा अडथळा-कठडा बसवला, 'बाहू बल्ली' नावाचा. बाल्कोआ जातीचा बांबू, आत क्रिओसोट (लाकूड टिकवणारं डांबरी तेल) जिरवलेलं आणि वरून प्लॅस्टिकचं जाड आवरण. इंदूरजवळ पीथमपूरला गाड्यांच्या चाचण्या, रुरकीला आगीची चाचणी. म्हणजे बांबू महामार्गावरही उभा राहतो, पण उघड्या अंगाने नाही.

बाकी ज्या गोष्टी 'बांबूचे चमत्कार' म्हणून फिरतात त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. बांबूचा टीशर्ट आणि मोजे म्हणजे बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी काढलेला व्हिस्कोस. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ साली अशा लेबलांवरून विक्रेत्यांवर कारवाई केली. बांबू झाडांपेक्षा जास्त ऑक्सिजन देतो हा दावा सोडून द्या; कार्बन मात्र काठीत खरंच साठतो, तोही काठी पंधरा वर्षं छपरात राहिली तर, चुलीत गेली तर नाही. कोंबाची भाजी पाहुण्यांना जरूर खिलवा, पण चिरून, उकळून, पाणी फेकूनच. कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. घरातल्या बाईमाणसांना ते रसायनशास्त्राआधीपासून ठाऊक आहे, हौशी आचाऱ्याला नसतं.

तर यंदा पावसाळ्यात जोतं आणि स्नानघर उरकून घ्या. कोजागिरीनंतर आयोडीन लावून पाहा, मग तोडणी आणि प्रक्रिया. सुकवून होळीपर्यंत सांगाडा उभा राहतो. भिंतींना कामट्यांचा कुड विणून वर चिखल आणि चुन्याचा गिलावा करा. हलकी भिंत भूकंपात जड भिंतीइतकी धोक्याची नसते. सुताराला कामावर घ्याच, त्याला बांबू कळतो. आणि पहिला उन्हाळा संपता संपता त्याच्या हातात पाना देऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या. काठ्या आकसलेल्या असतील, एकेक नट अर्धा फेरा तरी खाईल.